फुकटची पुढची सीट

भाऊराव : फोन ठेवू नको बे, धम्मरत्न! इतक्या दिवसांनी उचलला. विमानतळाच्या काउंटरवर तू काय बोलला, थे सांग.

धम्मरत्न : बाबा, छोटी गोष्ट आहे. दिल्लीहून नागपूरले येताना पुढच्या मोठ्या सीटा रिकाम्या होत्या. ऑफिसातले पोरं म्हणतात, काही दुःखाचं सांगितलं की फुकटात पुढं बसवतात.

भाऊराव : मंग काय दुःख सांगतलं?

धम्मरत्न : जाऊ द्या ना.

भाऊराव : सांग! तोंड शिवलं काय?

धम्मरत्न : वडील वारले, मातीले चाललो, म्हणालो.

भाऊराव : अरे हरामखोरा! तुया मांगं लाइनीत दुसरबीडचा गोविंदा फौजी उभा होता. त्यानं तिथूनच साऱ्या सोयऱ्यांले फोन लावले.

धम्मरत्न : घरी फोन करून विचारायचं ना कोणी!

भाऊराव : पोरगाच रडून सांगते म्हटल्यावर कोन विचारते बे?

केसरबाई : द्या मले फोन. काय रे, मी वावरात निंदून राह्यली होती. पोरं मोटरसायकल घेऊन आले. ‘काकू, घरी चाला.’ काऊन, तं सांगेनात. घरापुढं पाहते तं मानसंच मानसं!

धम्मरत्न : पण बाबा तं ठीक होते ना, माय?

केसरबाई : अंगणात भाकर खाऊन राह्यले होते! शालू आत्या वरवट बकालवरून पांढरं कापड घेऊन आली. तुया बाबाले जितं पाहून चक्कर येऊन पडली.

धम्मरत्न : चुकलं माय. पण कोणाचं काही बिघडलं तं नाही. हसण्यावारी न्या.

भाऊराव : हसण्यावारी? लहानपणी विहारात सगळ्यात मोठ्यानं पंचशील म्हणे. खोटं बोलणार नाही म्हणे! अन् एका खुर्चीसाठी बाप मारला?

धम्मरत्न : मी सगळ्यांची माफी मागतो, बाबा. दिवाळीत येतो.

भाऊराव : दिवाळीत! अन् आता नागपुरात किती दिवस होता?

धम्मरत्न : चार. मित्राचं लग्न होतं. कालच दिल्लीले परत आलो.

केसरबाई : चार दिवस? आमाले सांगतलं बी नाही?

धम्मरत्न : घाई होती, माय.

केसरबाई : जाऊ द्या आता, ठेवा तो फोन.

भाऊराव : थांब. पोरा, वरवटचे आले, डोणगावचे आले, बोलणं बंद होतं थे चुलतभाऊ बी आले. माया मातीले सारे येऊन गेले बे. तूच राह्यला.