पंचनाम्याआधीची झाडलोट

आता तुमीच सांगा, घरला पाव्हणा यायचा असला तर माणूस अंगण झाडतो का कचरा पसरून ठेवतो? झाडतोच की! मग माझं, ह्या कोंडीबाचं, चुकलं कुटं?... चुकलं. लई चुकलं. आमची कारभारीण, सोजर, म्हणली हुती, "ऱ्हाऊ द्या तसंच."

तुमाला सांगतो, त्या लॉकडाऊनच्या साली पाडवा धरून एकरभर झेंडू केला हुता आमी. आमी म्हंजी सोजरनं! रोपं तिनं लावलेली, खुरपण तिचं, पाणी तिचं, मी आपला बांधावर उभा ऱ्हाऊन "वा!" म्हणणार. अन ऐन पाडव्यालाच सगळं बंद! देवळं बंद, बाजार बंद, टेम्पो बंद, मग फुलं घालायची कुणाला, कोरोनाला? झाडावरच काळी पडली, कुजली, वास तर असा की गावात पहिला मास्क आमच्या बांधावरनं जाणाऱ्यांनी लावला, अन त्यो कोरोनासाठी न्हवं!

मग निरोप आला, सरकार फुलवाल्यांना मदत देणार, कृषी सहायक ऋतुजा म्याडम सोमवारी नुकसान बघाय येणार. सोजरचा चेहरा असा फुलला! म्हणली, "त्या पैशात परत रोपं आणू, दसऱ्याला फुलं काढू." अन मला काय सुचावं? म्याडम लेकीच्या वयाची, पहिल्यांदा आपल्या रानात पाऊल टाकणार, अन तिला असला उकिरडा दावायचा? सोजर म्हणली, "ऱ्हाऊ द्या तसंच." मी म्हणलं, "तुला काय कळतंय!"... ह्या वाक्यापायी जीभ छाटावी वाटती बघा. दोन दिवस खपलो, झाडं उपटली, ढीग पेटवला, रोटर मारला, बांधाच्या दगडास्नी चुनासुदीक लावला!

म्याडम आल्या. इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात. "काका, नुकसान कुठंय?"

"हितंच हुतं की!"

"होतं म्हणून नाही हो चालत, फोटो लागतो."

"पेटवलं की म्याडम... तुमी येणार म्हणून!"

बिचारीनं कपाळाला हात लावला. "एखादं तरी कुजलेलं रोप दाखवा" म्हणत स्वतः बांधानं हिंडली. न्हाय म्हंजी न्हाय! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? अन शेजारचा शरणप्पा, जन्मात कवा खुरपं न धरलेला, गुडघाभर कुजक्या झेंडूत उभा, "बन्नी म्याडम, बन्नी! या, या! हितं बघा, तितं बघा, पाय टाकाय जागा न्हाय!" त्याचे बारा फोटो निघाले. माझा एकच, त्यात नुसते दगड चमकत्यात.

शरणप्पाला पैसे आले. आमाला त्या साली रोपं घेणं झालं न्हाय, रान पडीक पडलं, पुढच्या साली खंडानं शरणप्पालाच दिलं. आता दसऱ्याला तिथं झेंडू पिवळाधमक फुलतो, अन तोडायला रोजानं कोण जातंय? सोजर! आपल्याच रानात! "ऱ्हाऊ द्या तसंच" म्हणलेली सोजर. सांजच्याला येती, हात धुती, भाकरी टाकती, मला एका शब्दानं बोलत न्हाय. अवो, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं की!

मी? मी आता सायकलवर एमआयडीसीत जातो, टावेलच्या कारखान्यात. झाडू मारायला! परवा मालक म्हणला, "कोंडीबा, तुझ्यासारखं लख्ख कुणी झाडत नाही बघ."

म्हणलं, "व्हय मालक... एक एकर झेंडू घालवून शिकलोय."