सासरे भाजी उसवतात

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, ऑम्लेटला अस्तर कशाला लावलंत?" अस्तर म्हणे. तुम्हाला सांगतो, सकाळी उठून मी पालक निवडला, धुतला, चिरून चिरून इतका बारीक केला की पालकाला त्याच्या आईनं ओळखलं नसतं, लोण्यावर परतला, ऑम्लेटवर पसरला, वरून ऑम्लेट दुमडलं, कडा दाबल्या, आणि ह्या गृहस्थांनी काट्याचं टोक कडेनं आत सरकवलं, असं अलगद, वरचा पदर उचलला, खाल्ला, खालचा सोडवला, खाल्ला, आणि मधला पालक ताटाच्या कडेला घडी घालून ठेवला. घडी घालून. आता यात भाजीचं काय चुकलं, मला सांगा.

आमचे सासरे शिंपी. आयुष्यभर शिवलं म्हणजे आयुष्यभर उसवलंही. डोळे अधू झाले तसं दुकान बंद करून लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले, पण बोटांना कुठे चष्मा लागतो? भातात गाजर किसून घाला, गाजर बाहेर. कटलेटमध्ये बीट लपवा, कटलेटची शिवण सुटते आणि बीट बाहेर. आता तुम्ही म्हणाल, नाही खात तर नाही खात, तुमच्या बापाचं काय जातं? माझ्या बापाचं काही जात नाही हो, माझ्या बायकोच्या बापाचं जातं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि बघितलं माझ्याकडे. "वजन फार उतरलंय. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?" आता कसं येणार? माणूस वाळला की कपडे ढगळ होतात, त्यावरून कळतं. ह्यांचे कपडे कायम मापात. का? तर एकदा मी ऑफिसातून लवकर घरी आलो, बघतो तर मशीन उघडं, पँट उलटी, आणि हे कंबर आत घेतायत. कितव्यांदा कोण जाणे. "काय करताय बाबा?" तर म्हणाले, "काही नाही, शिवण सैल झाली होती."

शिवण.

हिच्या हातचं मात्र खायचे. ही म्हणजे माझी बायको, त्यांची मुलगी. गेल्या वर्षी गेली. असो. तर ती होती तोवर भाजीचं भांडं रिकामं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर भाजी मलाही आवडत नाही, पण माझं सध्या बाजूला ठेवा. म्हणजे तिची काहीतरी युक्ती असणार, बरोबर? मग मी विचारत सुटलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चीज. चीज घातलं की माणूस वहाणसुद्धा खातो." घातलं. ह्यांनी चीज खाल्लं, कोबी ठेवला, वर म्हणाले, "बटणं छान होती." भाजीवाला म्हणाला, "साहेब, भोपळा भाजून बघा, साखर सुटते त्याला." भाजला. लसूण, मिरपूड, तेलाचा हात... कडा अशा खरपूस झाल्या की ओट्यापाशी उभ्याउभ्या मीच, मी स्वतः, अर्धा भोपळा खाल्ला, कुणाला सांगू नका. ह्यांनी एक फोड उचलली, उजेडात धरली, कापडाचा पोत बघावा तशी उलटसुलट बघितली, म्हणाले, "माल उत्तम आहे." आणि ठेवून दिली. जावयाच्या घरचं जेवण, आणखी वाईट बोलणार तरी काय? आता यात भाजीचं काय चुकलं?

शेवटी मेहुणीला फोन केला. म्हटलं, "तुझी ताई भाजीत काय घालायची गं?" ती म्हणाली, "खरं सांगू भाऊजी? मीठ. तेही आठवलं तर. उकडायची आणि वाढायची. भयंकर असायची हो ताईची भाजी. इतकी वर्षं जेवलात आणि तुम्हाला कळलं नाही?"

कळलं नाही? अहो, रोज कळत होतं. पण माणूस गेलं की त्याच्या भाजीलाही मागाहून चव येते, त्याला मी काय करू. फोन ठेवला आणि सगळं जसंच्या तसं आठवलं. बाबा म्हणायचे, "पोरी, हा दुधी आहे की दुधीच्या अंघोळीचं पाणी?" मी म्हणायचो, "बाबा, खोल जाऊ नका, पोहता येतं ना?" आणि ती आमच्या मधल्या खुर्चीवर बसून म्हणायची, "नावं ठेवा, पण रिकाम्या तोंडानं ठेवायची नाहीत. आधी घास." हा तिचा नियम. टोमणा मारायचा तर घास घ्यायचा. आणि आम्हाला टोमणे तर असे सुचायचे की भांडं कधी संपलं ते कळायचं नाही. आणि मी शहाणा इतके दिवस काय करत होतो? भाजीला नाव ठेवायला जागाच ठेवत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुधी आणला. उकडला. वाढला. बाबांनी काटा घातला, उसवायला काही सापडेना. "हे काय आहे?" म्हटलं, "आधी घास. रिकाम्या तोंडानं नावं ठेवायची नाहीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मधल्या खुर्चीकडे. मग खाली मान घालून एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले, दुधीला काय इतकं चावायचं असतं? मग म्हणाले, "मीठ नाही."

"घातलंय."

"मग दुधी घालायचा राहिला."

"घास, बाबा."

घेतला. "तुम्ही पण घ्या की, जावईबापू. का नुसते बघताय? पोहता येत नाही?" घेतला मीही, करतो काय. भांडं रिकामं झालं.

परवा पुन्हा मशीनचा आवाज आला. मी धावत गेलो, तर पँट उलटी आणि हे कंबर बाहेर सोडतायत. बोटभर. "काय करताय बाबा?" तर मान वर न करता म्हणतात, "काही नाही, शिवण घट्ट झाली होती."

मग आता सगळं ठीक? कसलं ठीक. इतक्या दिवसांच्या प्रयोगांनी माझा हात बसलाय ना. वाईट भाजी करायला घेतो आणि हात आपला आपण लसणाकडे जातो. काल तर कोबी चुकून इतका सुरेख झाला, इतका सुरेख... बाबांनी घास घेतला, थांबले, टोमणाच सुचेना. मी घास घेतला, मलाही काही सुचेना. बसलो दोघं, मधे ती खुर्ची. शेवटी त्यांनी चमचा ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं असं कधीकधी. उद्या जरा मन लावून बिघडवा."

आणि तो भांडंभर कोबी मला एकट्याला संपवावा लागला. आवडला हो, हीच तर पंचाईत. आता यात भाजीचं काय चुकलं?