अख्खा काजू

पद्मावती : न्हाई म्हंजे न्हाई! उद्या मुनीमहाराजांच्या आहारासाठी सोवळ्यातला चौका लागंल, पण ही त्यात पाऊल टाकणार न्हाई.

कल्लाप्पा : पद्मा, हळू बोल. सूनबाई आतच आहे.

पद्मावती : ऐकू दे की! सगळ्या गल्लीनं बघितलं, आता हिनं ऐकलं म्हणून काय बिघडलं? पलूसपासनं अनवाणी चालत आलेला साधू. दिवसातनं एकदाच आहार, तोबी उभ्यानं, ओंजळीत. शिऱ्याचा घास घेतला, अंगठ्यानं काजू दाबला, तर फाका झाल्या आन् मधी आळी! अंतराय झाला, आहार तितंच मोडला. ओंजळ सोडली आन् एक शब्द न बोलता निघून गेलं. आता उद्यापतूर पाण्याचा थेंब न्हाई त्यांच्या पोटात. आपल्या दारातनं उपाशी गेलं, आवं!

कल्लाप्पा : आणि तूही तेव्हापासून पाणी घेतलं नाहीस. दिवस मावळायच्या आत चार घास खा, मग भांड. रिकाम्या पोटी भांडणाला जोर येत नाही.

पद्मावती : तुमाला चेष्टा सुचती!

ब्राह्मी : मामा, बोलू द्या त्यांना. चूक माझीच आहे.

पद्मावती : आलीस व्हय भाईर? चूक म्हणती! मी दारात कलश घिऊन उभी, महाराज येत्यात का बघत. मागं एक शिरा तेवढा तुझ्यावर सोडला. एक शिरा! चौक्यात अख्खा काजू टाकतं का कोण? आमी वेलदोडासुदिक उघडून बघतो. आन् ती आळी? तिचा बी जीवच हुता की! तुपात परतलीस जित्ती.

ब्राह्मी : मला माहीत नव्हतं.

पद्मावती : माहीत न्हवतं तर विचारायचं. तोंड हाय न्हवं?

ब्राह्मी : विचारलं होतं.

पद्मावती : कुणाला?

ब्राह्मी : फोनला.

पद्मावती : म्हंजे आईला फोन केलीस?

ब्राह्मी : नाही. फोनमध्ये ते एआय असतं, चॅटबॉट. त्याला व्हिडिओची लिंक दिली की त्यातलं बोलणं वाचून कृती लिहून देतं. रवा किती, तूप किती, आधी काय, नंतर काय. त्यानं लिहिलं, 'काजू तुपात गुलाबी परता.' मी परतले.

पद्मावती : ऐका, मास्तर, ऐका! सासू दारात जित्ती उभी हाय आन् ही यंत्राला विचारून साधूचा सैपाक करती! ते यंत्र काय आंघोळ करून, सोवळं नेसून बसलं हुतं व्हय गं? आन् ती व्हिडिओतली बाई तरी कोण, कुठली? काय खाती, काय पिती, कुणाला ठावं—

ब्राह्मी : तुमचाच व्हिडिओ होता, आत्याबाई.

पद्मावती : काय?

ब्राह्मी : तुमच्या लेकानं, अतिशयनं, दिवाळीत काढला होता ना, 'आईच्या हातचा चौक्याचा शिरा' म्हणून. तोच. तुमच्यासारखाच व्हावा, म्हणून दुसरा कुठला घेतलाच नाही.

पद्मावती : मी काजू फोडल्याबिगर शिरा करीन? त्या यंत्रानं गाळलं असंल. खोटारडं मेलं!

कल्लाप्पा : लाव बघू व्हिडिओ, ब्राह्मी. बघूनच ठरवू कोण खोटारडं.

(ब्राह्मी मोबाइल पुढं धरते. तिघंही वाकून बघतात.)

कल्लाप्पा : रवा भाजलास... तूप... हे बघ, 'आता काजू घालायचं' म्हणालीस.

पद्मावती : आन् हात बघा की माझं! फोडती न्हवं एकेक? आत बघती न्हवं?

कल्लाप्पा : हात फोडतायत खरं. तोंड काय सांगतंय?

पद्मावती : तोंड... तोंडाचं काय घिऊन बसलाय!

कल्लाप्पा : तोंड तुझ्या मिरजेच्या वन्संच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगतंय. 'तिला साधी भाकरी थापता येत न्हाई.' यंत्राला बिचाऱ्याला बोललेलं तेवढंच कळलं. वन्संच्या सुनेला शिऱ्यात घातलं नाही, हेच नशीब.

पद्मावती : त्यात सांगायचं काय? हात आपसूक करत्यात. आन् हिला डोळं न्हवतं? बघायचा न्हवता व्हिडिओ?

ब्राह्मी : पूर्ण बघितला नाही. लिहिलेलं वाचलं आणि कामाला लागले. ते चुकलंच माझं.

पद्मावती : मग! मी हितं हाकेच्या अंतरावर हुती. मला विचारायला काय जीभ झडली हुती?

ब्राह्मी : विचारलं होतं तुम्हाला! पर्युषणात. पाणी गाळायचं फडकं किती पदरी घ्यायचं, एवढंच विचारलं. तुम्ही सगळ्या बायकांच्या देखत म्हणालात, 'आईनं काय शिकवून न्हाई धाडलं, आता मी बालवाडी काढू का?' सगळ्या हसल्या. वडलांच्या बदल्या व्हायच्या, आज नागपूर, उद्या जबलपूर. आमच्या घरी चौका कधी लागलाच नाही. आईलाच येत नव्हतं, ती काय शिकवणार? त्या दिवसापासून फोनला विचारते. दहादा विचारलं तरी तो हसत नाही.

पद्मावती : म्हंजे महाराज उपाशी गेलं ते माझ्यामुळं?

ब्राह्मी : असं मी म्हटलं नाही! आळी माझ्या हातनं गेली. त्यांची ओंजळ सुटताना मीच समोर होते, माझ्या डोळ्यापुढनं हलत नाही ते. पण उद्या मला बाहेर बसवणार असाल तर तसं सांगा. मग यापुढं मी कुणालाच काही विचारणार नाही. फोनलासुद्धा नाही.

पद्मावती : बघा, कशी उलटून बोलती!

कल्लाप्पा : बोलू दे, पद्मा. पहिलीच्या वर्गात पोर चुकलं की मी पाटी पुसून परत लिहायला सांगायचो. वर्गाबाहेर उभं राहून कुणाला बाराखडी आलेली मी बघितली नाही.

पद्मावती : तुमचा वर्ग निराळा. तितं पाटी पुसता येती. हितं साधू उपाशी हाय.

कल्लाप्पा : म्हणूनच सांगतोय. उद्याही ते सांगलीतच आहेत. आपल्या दारी येतील, न येतील. पण आले तर? दारात कलश घेऊन तू, आणि आत शिऱ्याकडं कोण? मी? माझा शिरा तू खाल्लायस.

पद्मावती : नाव काढू नगासा त्या शिऱ्याचं. गिलावा केला असता त्यात.

कल्लाप्पा : मग?

पद्मावती : ...काजू कुठं हायती?

ब्राह्मी : उरलेले डब्यात आहेत. वेगळे ठेवलेत.

पद्मावती : आण. परात बी आण. उद्या शिराच करायचा, दुसरं काय न्हाई. आवं, तुमी खिडकीतनं सरका, उजेड अडवू नगासा.

कल्लाप्पा : सरकलो. आणि तुझं पाणी?

पद्मावती : हे झाल्यावर घेती. दिवस हाय अजून.

ब्राह्मी : आत्याबाई...

पद्मावती : आता काय?

ब्राह्मी : फोडल्यावर आत नेमकं काय बघायचं?

पद्मावती : ...हिकडं उजेडात ये.