भात्याकडची जागा

गुणाबाई : ...असे इकडून या जी वारलूभाऊ. डोकं सांभाळा, गोठ्याचं छप्पर खाली हाये. चार दिवस झाले तुमाले मंडईच्या जत्रेले येऊन, अन् ह्याइनं तुमाले ह्या घरामागच्या सांदवाडीत पाऊल टाकू दिलं नाई. दारातूनच चहा पाजून वाटे लावते मानूस.

सोमाजी : तुले काऊन एवढी घाई झाली?

गुणाबाई : पाहुणा उद्या सकाळच्या मोटारीनं भिलाईले जाते. मंग कोनाले दाखवू, बैलाले?

वारलू : थांबा वैनी. हे का होय? भट्टी होय?

सोमाजी : चूल समज.

वारलू : चुलीले भाता नसते गा.

गुणाबाई : आता कसं बोलले. तुमी मागच्या माघात भिलाईच्या कारखान्यात गेले, अन् ह्याइनं पंधरा दिवसांत वारुळाची माती आणून हे मांडलं. सावली गावच्या रफीककडे कातड्यासाठी दोन खेपा मारल्या. गाव हासून राह्यलं, कुणब्याचा लोहार झाला म्हणून. मी बी हासलो पयले पयले. आता हासू येत नाई.

वारलू : कातडं चांगलं हाये. शिवण कोनं मारली?

सोमाजी : मीच. तुह्या भात्याची शिवण पाठ हाये मले. तीस वर्षं डोळ्यापुढं होती.

वारलू : नळी वर बसवली. चार बोटं खाली पाह्यजे होती, हवा कोळशाच्या बुडाले लागली पाह्यजे. मातीत कोंडा घातला का?

सोमाजी : घातला.

वारलू : कमी घातला. ह्या भेगा कायच्या मंग?

गुणाबाई : भेगा जाऊ द्या जी. माह्या विळ्याइचं पाह्या. हा एक. हा दुसरा. अन् हा उलथना होता, आता त्याले का म्हणाचं ते तुमीच सांगा. परवापासून धान कापाले लागतो, घरात एक विळा धड नाई. काल धुऱ्यावरच्या गवताले लावून पाह्यला, तं काचेवानी तुटला. अर्धा हातात राह्यला, अर्धा धानाच्या बांधीत.

वारलू : द्या इकडं. याले पाणी कवा दिलं सोमाजी?

सोमाजी : विळा झाल्यावर.

वारलू : ते कळलं. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं, तवा रंग कोनता होता?

सोमाजी : चांगलं तापलं होतं.

वारलू : रंग विचारून राह्यलो गा.

सोमाजी : पिवळा असंन.

वारलू : असंन? पिवळ्यावर पाणी देशीन तं फुटंन नाई तं का होईन! तीस वर्षं माह्या भट्टीवर बसला. वावरातून आला, बैल बांधले, हातपाय धुतले का हजर. तुह्या आईच्या तेरवीच्या दिवशी बी आला होता तू. तेवढ्यात एवढं बी नाई पाह्यलं?

सोमाजी : मी तिकडं होतो ना. भात्याकडं.

वारलू : मंग?

सोमाजी : मधी तुही आडभिंत. कातड्याले आच लागू नाई म्हणून तुह्या बाबानं बांधली होती. तिथून लोखंड दिसत नाई वारलू.

वारलू : असं कसं? मंग भाता कसा ओढत होता? जोरात कवा, हळू कवा, मी तं तुले एक दिवस सांगतलं नाई. अन् तू एक दिवस चुकला नाई.

सोमाजी : तुहं तोंड दिसे. भिंतीवरून तेवढंच दिसे. तू डोळे बारीक केले का जोरात ओढाचं. हनुवटी वर झाली का थांबाचं. मी लोखंडाकडं कधी पाह्यलंच नाई गा.

गुणाबाई : हे मले बी कधी सांगतलं नाई ह्याइनं.

सोमाजी : तुले का सांगू? सांगासारखं काय हाये त्याच्यात?

वारलू : बरं, एक सांग. एकट्यानं चालवाची भट्टी अशी नसते. भाता डाव्या हाताशी घ्यावा लागते. तू तं पार तिकडं ठेवला, अन् मधी भिंत बी उभी केली.

गुणाबाई : तेच तं! तिकडं बसून दोरी ओढतात. मंग उठतात, भिंतीले वळसा घालून पळत इकडं येतात, सांडशी हातात घेतात, तवरक लोखंड थंड. पुन्हा पळत तिकडं. एक विळा होईपर्यंत सावलीले जाऊन वापस येईन मानूस. मी म्हटलं, जवळ घ्या ना तो भाता. तं म्हणतात, नाई, तो तिथीच पाह्यजे.

वारलू : काऊन गा?

सोमाजी : तुही जशी होती तशी बांधली. दुसरी कशी असते मले माहीत नाई.

वारलू : अन् हा ठोकळा? हा माहा ठोकळा होय. माह्या बुडानं झिजला हा. लटारू तं म्हणे जाळला.

सोमाजी : जाळाले काढला होता तुह्या भावानं. मी मागून आणला. त्यानं तुह्या भट्टीच्या जाग्यावर गाय बांधली, त्याले मी का म्हणू? जागा त्याची होय. ठोकळा तेवढा मागतला.

वारलू : तू बसतं का याच्यावर?

गुणाबाई : कायचे बसतात. मले बी बसू देत नाई. एक दिवस मी तांदूळ निवडाले बसलो, तं उठवलं मले. स्वतः उभ्यानंच ठोकतात, कंबर धरली तरी.

वारलू : सोमाजी.

सोमाजी : का म्हणू आता? मले लोहार व्हाचं नाई वारलू. विळा झाला काय अन् नाई झाला काय. तू गेल्यावर सांज झाली का मले समजे नाई कुठी जावं. पाय आपोआप तुह्या घराकडं वळे, अन् तिथी गाय. मले वाटलं, भट्टी असली तं कधीमधी तू येशीन, बसाले जागा असंन. तू मंडईले येऊन राह्यला म्हणून कळलं, तं मी कोळसा बी चाळून ठेवला.

वारलू : मंग चार दिवस दाखवली काऊन नाई?

सोमाजी : तू मोटारीतून उतरल्या उतरल्या सांगतलं ना. बायकोले अन् पोराइले बी घेऊन जातो, घराले कुलूप लावतो म्हणून. मंग का दाखवू? हासला असता तू.

वारलू : मी हासून राह्यलो काय?

सोमाजी : नाई.

वारलू : तिथी भाता नाई सोमाजी. बटन दाबलं का हवा येते. कमी नाई, जास्त नाई, थांबत बी नाई. आठ घंटे मी आगीपुढं असतो, अन् आगीच्या पलीकडं कोनी नाई. पयल्या महिन्यात मी घडीघडी मान वर करून पाहो. बाजूचा फिटर म्हणे, क्या देखता है उधर? मी त्याले का सांगू?

सोमाजी : गेली सवय?

वारलू : नाई गेली.

सोमाजी : मंग राह्य ना गा इथी.

वारलू : कसा राहू? बजारात तयार विळे भेटतात आता, पेटीतून काढून देतात. माह्या हातचा कोन घेते?

सोमाजी : मी घेईन.

वारलू : वर्षाले किती घेशीन?

सोमाजी : लागंन तितके. हे तोडते ना विळे.

गुणाबाई : मी तोडतो? बनवले कोनं हो ते?

वारलू : वैनी, त्यातला मोठा तुकडा द्या मले. अन् विस्तव आणा चुलीतला. सोमाजी, टाक तुहा चाळलेला कोळसा. अरे, तिकडं कुठी जातं?

सोमाजी : भात्याकडं.

वारलू : इकडं ये. ठोकळ्यावर बस.

सोमाजी : ते तुही जागा होय.

वारलू : आज नाई. आज मी दोरी ओढतो. वैनी, तुमी माह्या बाजूले बसा अन् हात कसा चालते ते पाह्या. उद्यापासून दोरी तुमाले धराची हाये.

गुणाबाई : धरीन जी. पण बायकोच्या तोंडाकडं पाहून विळा होत नाई, हे ह्याइले सांगून जा.

(सोमाजी ठोकळ्यावर बसतो. आडभिंतीपलीकडे वारलू भात्याची दोरी हातात घेतो.)

वारलू : सांग आता. कसं हाये?

सोमाजी : काळं.

वारलू : अन् आता?

सोमाजी : लाल होऊन राह्यलं. थांब. आता केसरी, पिकल्या टेंभरावानी झालं.

वारलू : ह्याच रंगावर काढाचं. काढ, ठोक. वाकव. आतल्या अंगानं मार गा, धार तिकडं हाये. हां. घाल पुन्हा. घाम पुसून घे. घाई करू नोको, मी ओढून राह्यलो.

गुणाबाई : वाकला बाई. विळ्यावानी दिसते आता.

वारलू : आता नीट ऐक, इथीच चुकलं तुहं. याले बाहेर धर अन् रंग उतरू दे. टेंभराचा लाल होईन, लालाचा कुंकू. कुंकवाच्या रंगावर आला का फक्त धार पाण्यात बुडवाची, सारा विळा नाई. पाह्यला का कुंकू, बुडव. समजलं?

सोमाजी : हो.

वारलू : कोनता रंग झाला?

(सोमाजीची मान वर होते.)

वारलू : सोमाजी. लोखंडाकडं पाह्य गा. माह्या तोंडाकडं का पाहून राह्यला?

सोमाजी : लोखंड तं उद्यापासून पाहाचंच हाये.