जहाज वाजत नाही

चेतना: तेच विचारतेय, आप्पा. आधी हलवलं की वाजायचं. आता वाजत नाही.

दोधूआप्पा: मग चांगलंच ना, बेटा. मांजरानं पाडलेलं, डोलकाठी मोडलेलं जहाज आणून दिलंस. नवी डोलकाठी बसवली. तुझ्या बापाच्या फोटोपुढं तुझी आई उदबत्त्या लावते, त्यानं शिडं काळी पडली होती, ती बदलली. दोरांना मेण लावलं. आणि तू विचारतेस, वाजत का नाही. ते जहाज शे की खुळखुळा?

चेतना: आवाज बंद करायला मी सांगितलं नव्हतं.

दोधूआप्पा: आत काही सुटं असलं की ते पक्कं बसवून टाकायचं. हलतं ते मोडतं. हे तुझ्या बापाचंच बोलणं. त्याच्या फळ्यांना मात्र मी हात लावला नाही. डावीकडची एक वाकडी आहे, तशीच ठेवली. ती ईश्वरची सही.

चेतना: सुटं काय होतं?

दोधूआप्पा: असंल काही. लाकडाचा चुरा. खिळा.

चेतना: चुरा की खिळा?

दोधूआप्पा: कॉलेजात पोरांची तोंडी परीक्षा घेतेस, तशी माझी घेऊ नको. बैस, चहा टाकतो.

चेतना: चहा नको.

दोधूआप्पा: या शेडमध्ये येऊन चहा नको म्हणणारी तू पहिली. तुझा बाप चहा पिऊन मगच करवतीला हात लावायचा.

चेतना: आप्पा, आई काय म्हणतेय ते सांगू? परवा तिनं जहाज कानाशी नेऊन हलवलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, दोधूनं आतलं काढून घेतलं. शेजारच्या ममताकाकूंना सांगूनही झालंय. तुम्हाला आमची गल्ली माहीत आहे.

दोधूआप्पा: आतलं म्हणजे काय, ते बोलली का?

चेतना: तिलाही माहीत नाही. पण किमती नसतं तर त्यानं काढलं कशाला, असं तिचं गणित.

दोधूआप्पा: मग सांग तिला, काढलं म्हणून.

चेतना: काय?

दोधूआप्पा: पितळेचा तुकडा होता, दोधूला कामाचा वाटला, त्यानं ठेवून घेतला. असं सांग. काय करंल ती? चार बायकांत बोलंल. बोलू दे. या वयात मन्हं नाव खराब झालं तर कोण रडणार शे?

चेतना: आधी चुरा, मग खिळा, आता पितळ.

दोधूआप्पा: वय झालं. आठवत नाही नीट.

चेतना: हे धरा. तिकडे नाही, दाराच्या उजेडाकडे.

दोधूआप्पा: हा कोणाचा एक्सरे?

चेतना: जहाजाचा. शहाद्याला भाग्येशच्या दवाखान्यात काढला, माझ्या मामेभावाच्या. तिथला माणूस हसत होता. पेशंटचं वय काय लिहू, म्हणाला. लाकूड धुरासारखं दिसतं बघा. हे बारीक पांढरे ठिपके म्हणजे बाबांच्या टाचण्या. आणि हे, डोलकाठीच्या बुडाखाली?

दोधूआप्पा: ती पण टाचणीच. डोकं दिसतंय तिचं.

चेतना: टाचणीच्या डोक्याला पाकळ्या नसतात.

दोधूआप्पा: चष्मा नाही माझा जवळ.

चेतना: कपाळावर आहे. आप्पा, तुम्ही काहीच घेतलेलं नाही. जे वाजत होतं ते आतच आहे, सरसात पक्कं बसवलेलं. मग घेतलं असं का म्हणालात? न केलेली चोरी माणूस कधी कबूल करतो?

दोधूआप्पा: तूच सांग. शिकलेली तू.

चेतना: मोठी चोरी झाकायची असेल तेव्हा. ही आईच्या नाकातली फुली आहे. मी दहावीत होते तेव्हा हरवलेली. आई न्हायला जाताना ती मोरीजवळच्या कोनाड्यात काढून ठेवायची. तुम्ही तेव्हा रोज घरी यायचात.

दोधूआप्पा: यायचो.

चेतना: कोनाडा तुम्हाला माहीत होता.

दोधूआप्पा: माहीत होता. मग असंच समज ना. मी उचलली, पण पचली नाही. आता जहाज हाती आलं, तर गुपचूप आत ठेवून परत केली. झालं? जुळलं तुझं उत्तर?

चेतना: कालपर्यंत माझंही हेच उत्तर होतं. आज इकडे येताना रिक्षात एक गोष्ट अडली.

दोधूआप्पा: कोणती?

चेतना: जहाज तुमच्याकडे आलं गेल्या महिन्यात. वाजतं मात्र ते मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून. बाबांना विचारलं की म्हणायचे, खलाशी कूस बदलतोय. तोवर ते आमच्या घरातून एकदाही बाहेर गेलेलं नव्हतं. त्याची वरची फळी कुणी बसवली, आप्पा?

दोधूआप्पा: जाऊ दे ना, पोरी.

चेतना: कुणी बसवली?

दोधूआप्पा: त्यानंच. दुसरं कोण बसवणार?

चेतना: म्हणजे ठेवली बाबांनी.

दोधूआप्पा: चोरली असं म्हणू नको. आधी ऐक. आम्ही दोघं एकदा बिलिमोऱ्याला गेलो होतो, गलबतं बघायला. आपल्या जिल्ह्यात समुद्राचा थेंब नाही, पण तुझ्या बापाला शिडाचं वेड. खाडीवर एक म्हातारा सुतार भेटला. तो म्हणाला, डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी घरच्या बाईच्या अंगावरचं काहीतरी ठेवावं. मग जहाज घर विसरत नाही. मी हसलो. ईश्वर हसला नाही.

चेतना: एवढ्याशा लाकडी खेळण्यासाठी?

दोधूआप्पा: त्याच्यासमोर खेळणं म्हणाली असतीस तर जेवला नसता. जहाज पुरं झालं की तुझ्या आईला गंमत सांगणार असंल, नवी फुली करून देणार असंल. हा माझा अंदाज, त्यानं मला कधी सांगितलं नाही. पण सरस वाळत ठेवून तो शाळेच्या परीक्षेच्या कामावर काठी गावाला गेला, हे मला पक्कं आठवतं. परत आला तोवर...

चेतना: तोवर धनुबाई काम सोडून गेली होती.

दोधूआप्पा: हो.

चेतना: मी तिथंच होते. आमच्याकडे इतकी वर्षं भांडी घासलेली बाई. आईनं तिला ओट्यावर उभं करून पदर झटकायला लावला. मग कमरेचा बटवा उलटा करायला लावला. त्यात तंबाखू निघाली आणि चिंचेचा गोळा. सगळी गल्ली बघत होती. मी पण बघत होते.

दोधूआप्पा: तुझी आई चारचौघांत बोलून बसली होती, बेटा. ईश्वरनं तोंड उघडलं असतं तर तिला गल्लीत मान वर करता आली नसती. मग आज नाही उद्या, असं त्याचं झालं असंल.

चेतना: तुम्ही त्यांना सांभाळून घेताय.

दोधूआप्पा: मग हेही ऐक. नंतर आम्ही माझ्या कामासाठी साग आणायला सुरतेला जायचो. बस विसरवाडीच्या नाक्यावर थांबायची, सगळे चहाला उतरायचे. धनुबाईनं तिथंच टपरी टाकली होती. ईश्वर उतरायचा नाही. चैत्रातल्या दुपारी, पत्रा तापलेला, आख्खी बस रिकामी, आणि हा आत एकटा. मी म्हणायचो, पाय मोकळे कर. म्हणायचा, माझे पाय बरे आहेत. आणि त्या जहाजानंतर त्यानं दुसरं जहाज केलं नाही. डोळे गेले म्हणायचा. सुईत दोरा माझ्याआधी ओवायचा तो.

चेतना: आणि तुम्ही ते सगळं सरसात पुरलंत.

दोधूआप्पा: मोडकी डोलकाठी उपसली, तर खाली जुन्या सरसातून सुटलेली फुली. कामच सुचेना मला. मेलेला माणूस काय उत्तर देणार? मी तरी जिवंत शे. मला चोर म्हटलं तर मी ऐकून घेईन.

चेतना: म्हणजे आधी धनुबाई, आता तुम्ही.

दोधूआप्पा: मी राजीखुशीनं.

चेतना: तिला विचारलं होतं कुणी, राजी आहेस का म्हणून?

(चेतनाचा फोन वाजतो; आईचा आहे. ती स्पीकर चालू करून फोन कामाच्या मेजावर, जहाजाजवळ ठेवते.)

दोधूआप्पा: खिळा होता म्हण. ऐक माझं.

आई: चेतना, कोठे शे तू? दोधूकडेच ना? काय म्हनस तो?

चेतना: आई, तुझी फुली सापडली.

आई: मन्ही फुली? नाकनी?

चेतना: हो. तीच वाजत होती.

आई: सांगेल व्हतं ना मी तुले! धनुबाईनीच ती त्याले दियेल व्हई. दोन्ही मिळेल व्हतात. सरळ दिसतस अशा मानसं, पन...

चेतना: आई, थांब. फुली आप्पांकडे नव्हती. धनुबाईकडेही नव्हती. आपल्याच घरात होती.

आई: कोठे? आख्खं घर धुंडेल शे मी.

चेतना: तू रोज उदबत्ती लावतेस तिथं. बाबांच्या फोटोखाली, जहाजाच्या आत. वरची फळी त्यांनीच बसवलेली आहे.

दोधूआप्पा: बास, बेटा. बास.

चेतना: आई? ऐकतेस ना?

दोधूआप्पा: फोन बंद झाला का?

चेतना: नाही. चालू आहे. आई...

आई: ती धनुबाई... आजून विसरवाडीलेच राहस का व?