मधलं यंत्र

नेवाशाहून सुटलेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“निकिता, तू आमच्या बागेत ओल मोजायची यंत्रं बसवलीस, त्यातलं मधलंच कसं बंद पडलं? बॅटरी दोन वर्सं चालंल म्हनली हुतीस.”

“माझा अंदाज चुकला, मावशी. ओल मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, निरोप धाडायला लागते. मधलं यंत्र बाकी सगळ्यांचे निरोप पुढं पोचवतं. ते मी धरलंच नव्हतं.”

“आमच्यात बी बाप-लेक बोलत न्हाईत. निरोप मीच पोचवते.”

“आज पिशवी घेऊन कुठं निघालात?”

“भनीकडं, चार दिस.”

“घरी सांगितलंय ना?”

“कुनालाच न्हाई. इचारतील की एकमेकाला.”