तोंड काळं कर

देओलिंदा : अहो, एका जागी बसा की जरा! मघापासून रस्त्याकडे किती खेपा घालाल?

आदेलिनो : वारा कुठून येतोय ते बघत होतो. धूर डोळ्यांत जातोय.

देओलिंदा : वाऱ्याचं नाव नका सांगू मला. ब्रागांसा शहराकडून येणारी बस बघताय. केव्हाच यायला हवी होती ती.

आदेलिनो : येवो न येवो, मला काय त्याचं! चेस्टनट वेचायच्या ऐन हंगामात बापाला एकट्याला टाकून फ्रान्सला पळालेला पोरगा तो.

देओलिंदा : आणि तुम्ही काय म्हणालात? ‘जा, तोंड काळं कर!’ पोटच्या पोराला असं बोलतं का कुणी?

आदेलिनो : बोललो. मग?

देओलिंदा : मग काय! आज सेंट मार्टिनचा सण. शेकोटीची काजळी ज्याच्या तोंडाला फासली त्यानं रागवायचं नाही. सगळा गाव काळाठिक्कर झालाय, तुम्ही तेवढे कोरे. आपला तेल्मो फ्रान्सला गेल्यापासून तुम्हाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. माझीसुद्धा.

आदेलिनो : पुरे गं बाई. चेस्टनटांची टोपली दे, भाजायला टाकतो निखाऱ्यांवर.

देओलिंदा : हं, घ्या... अहो, थांबा! चिरा दिल्यात ना सगळ्यांना?

आदेलिनो : दिल्यात की. म्हणजे... सुरी घेऊन बसलो तर होतो.

देओलिंदा : सुरी हातात आणि डोळे रस्त्यावर! कर्म माझं! पळा आता, फुटतील!

(फाट्! फाट्! निखारे उडतात. पोरं किंचाळत पांगतात.)

तेल्मो : बाबा, मागे व्हा! चिरा न देता टाकलेत? तुम्ही? याच चुकीसाठी कान पिळला होतात माझा.

देओलिंदा : तेल्मो! आलास रे माझ्या राजा!

तेल्मो : बस घाटात बंद पडली गं आई. चालत आलो.

आदेलिनो : कुणी बोलावलं याला?

देओलिंदा : मी बोलावलं. काय म्हणणं आहे?

आदेलिनो : आणि हात कशाला मागे लपवलायस रे? तेल्मो, सांगून ठेवतो हं... अरे! अरे गाढवा!

देओलिंदा : अगं बाई, काजळी फासली की यानं गालाला!

तेल्मो : तुम्हीच म्हणाला होतात ना, तोंड काळं कर? केलं. तुमचं.

देओलिंदा : आता रागवायचं नाही हं. रीत आहे.

तेल्मो : बाबा, बोला ना काहीतरी. जीव टांगणीला लागलाय माझा. जा म्हणालात तर आल्या पावली जातो.

आदेलिनो : जातो म्हणे! आणि हा दुसरा गाल कोण काळा करणार, तुझा बाप?